बोर्डाची खालची ओळ

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. आमच्याकडे नाही. संजय जूनमध्ये गेला, वर्षाच्या आत सण नको असं सासूबाई म्हणाल्या, मी बरं म्हटलं. हल्ली सगळ्यालाच बरं म्हणते. सोपं जातं.

शाळेत कदमबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. चौथीच्या वर्गात डिजिटल बोर्ड बसवलाय त्याचा काय उपयोग होतो ते बघायला डिसेंबरात संस्थेची माणसं येणार. नमुना पाठ मी घ्यायचा. "तुमचं मन पण जरा गुंतेल, जाधवमॅडम." मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांना सगळ्यांच्या मनाचं कळतं.

बरं म्हटलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

विषय ठरला. परिसर अभ्यास, आपली खाडी, कोण कुठे राहतं. मुलांनी एकेक चित्र बोटाने ओढून त्याच्या जागी ठेवायचं. चिखलात उड्या मारणारी निवटी मासळी, बिळातली चिंबोरी म्हणजे खेकडा, खारफुटीवर बगळा, उथळ पाण्यात रोहित पक्षी. नुसतं दाखवायचंच असेल तर भिंतीवर तक्ता पुरतो. स्टाफमध्ये बाकीच्यांना बोर्ड म्हणजे मोठा टीव्ही. व्हिडिओ लावायचा आणि वह्या तपासत बसायचं.

डबा खाल्ला की नाही आठवत नाही. घरी येऊन बघितला, रिकामा होता. म्हणजे खाल्ला.

२७ सप्टेंबर, शनिवार

पहिला प्रयत्न. फसला. एका पानावर सगळं कोंबलं होतं. खाडी, आकाश, पूल, वर बाण आणि नावं. मुलं नुसती बघत बसली. एका पानावर एकच काम पाहिजे, बाकीचं पान मोकळं.

बरोबर उत्तराला टाळ्यांचा आवाज होता, तो काढला. टाळ्या मशीन वाजवतंय एवढं चौथीतल्या पोराला कळतं. चुकल्यावर जो भोंगा वाजतो तोही काढला. चित्र गुपचूप परत आपल्या जागी जाईल, एवढं बास.

मधेच वर्ग कशावर तरी खूप हसला. काय झालं मला कळलं नाही. विचारलंही नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्या दसरा, सुट्टी. म्हणून आज शाळेत पाटीपूजन. यंदा कदमबाईंच्या डोक्यात आलं की पाट्यांबरोबर डिजिटल बोर्डाचीही पूजा करायची, शेवटी तीही पाटीच. झेंडूची माळ, समोर रांगोळीची सरस्वती, नारळ.

वर्षभर तो बोर्ड मी चालू करते, पुसते, बंद करते. ताट कुणाच्या हातात द्यायचं यावर दारापाशी थोडी कुजबुज झाली. मग सुनीता माझ्याकडे आली. शेजारच्या वर्गाची, माझी मैत्रीण. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वैशाली, तू फोटो काढ ना. तुझा फोन चांगलाय."

माझा फोन चांगला नाहीये. काढले फोटो. कदमबाईंनी वाकून बोर्डाच्या पायाशी दोन्ही बाजूंना ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली, मूर्तीच्या पायांना लावतात तशी. सगळ्या हसताहेत. फोटोत मी नाही. फोटो काढणारी कधीच नसते.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही काही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

मार्केटातून गव्हाचं पोतं आलं. एपीएमसीतल्या ज्या गाळ्यावर संजय कामाला होता तिथून दर दसऱ्याला येतं, यंदाही आलं. हमालाने पाठीवरून उतरवून हॉलमध्ये भिंतीला टेकवलं, म्हणाला, "वैनी, शेठनी सांगितलंय, काय लागलं तर कळवा." पाणी पिऊन गेला.

आम्ही दोघी खाऊन खाऊन किती खाणार. पोतं तिथेच आहे. त्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जायचं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली म्हणे. सोसायटीत आवाज होते.

सुट्टीत घरी लॅपटॉपवर बसून पाठ नीट केला. एक चांगली गोष्ट सुचली. मुलांची उंची बघायची. सगळी चित्रं वर ठेवली तर बुटकी पोरं नुसती टाचा उंचावत राहतात. म्हणून दोन ओळी केल्या. वरची उंच मुलांसाठी, खालची, बोर्डाच्या अगदी तळाशी, लहान चणीच्यांसाठी. निवटी खालच्या ओळीत ठेवली, दुर्वासाठी. वर्गात सगळ्यांत बुटकी तीच. बोनकोडे गावठाणातली, आजीबरोबर खाडीवर जाते, तिने निवट्या हातात धरलेल्या आहेत. माझ्यासाठी ते एक चित्र आहे.

माउसने तपासलं. सगळं छान सरकतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शाळा सुरू झाल्यावर आज पहिल्यांदा नवीन पाठ. बोर्डावर वरच्या यादीतून मुलाचं नाव मी निवडायचं, मग त्या मुलाने येऊन चित्र ओढायचं. वरची ओळ झकास. अथर्वने बगळा, सईने रोहित.

दुर्वा आली. निवटीवर बोट ठेवलं. ओढलं. चित्र हललं नाही. पुन्हा ठेवलं. मग पूर्ण तळवा. मागून कोणीतरी हसलं. मी म्हटलं, विचार करून सांग हं, निवटी कुठे राहते. ती माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "बाय, त्यो मना घेत नाय."

बस म्हटलं. पुढचं नाव घेतलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुर्वा पुन्हा तशीच. या वेळी बोट नीट टेकवलंच नाही, लांबूनच काढून घेतलं. आणखी एक बुटका आहे, यश. त्याने खालच्या चित्राला एकदा हात लावला, मग उडी मारून सरळ वरचं घेतलं. त्याला ओरडले, ते तुझं चित्र नव्हतं म्हणून. दुर्वा तसं करत नाही. तिला खालची ओळ दिली म्हणजे खालचीच.

संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. भात करपला. सासूबाईंनी तसाच खाल्ला, मीपण.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पाठाच्या सॉफ्टवेअरमधून कोणाचं काय बरोबर आलं त्याचा कागद निघतो. कदमबाईंनी तो काढून समोर ठेवला. दुर्वाच्या नावापुढे सगळीकडे 'उत्तर दिले नाही'.

म्हणाल्या, ही मुलगी मला आधीपासूनच मंद वाटत होती, आता मशीनच सांगतंय. वडिलांना बोलावून तपासणी करून घ्यायला सांगते. सानपाड्याला अशा मुलांची वेगळी शाळा आहे, जूनपासून तिकडे घालू देत. आणि नमुना पाठात तिला मागे बसवा.

तुम्हाला काय वाटतं, असंही विचारलं. मी बरं म्हटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वडिलांच्या ऐवजी दुर्वाची आजी आली. हिरवं लुगडं, हातात माशांची रिकामी पाटी, बाजारातून परस्पर आलेली. कदमबाईंना भेटून मग माझ्या वर्गाच्या दाराशी उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"बाय, माजी नात येरी नाय," म्हणाली. येरी म्हणजे वेडी. "घरा तिचा तोंड बंद नाय व्हत. शालंनच का गप र्‍हाते? तुमी सांगा. तुमी तिची बाय हाव."

मी काहीतरी बोलले. बघू, करू, असलं. तिने ऐकून घेतलं. वडील म्हणे तयार झालेत वेगळ्या शाळेला, मोठ्या बाईंनी सांगितलंय म्हणजे खरंच असणार. दुर्वा आजीचा पदर धरून गेली. जाताना बोर्डाकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर चहा करताना आजीचं वाक्य परत आलं. तुमी तिची बाय हाव. मग विसरले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नीट लिहिते.

शाळा सुटल्यावर पानं दुरुस्त करायला वर्गात थांबले. पाय दुखत होते. खुर्ची आणायचाही कंटाळा, म्हणून बोर्डापुढे फरशीवर मांडी घालून बसले आणि तिथूनच हात लांबवून निवटी जरा डावीकडे घ्यायला गेले. हलेना. पुन्हा केलं. बोट दाबून, तळवा लावून. शेजारची चिंबोरी, तीही नाही. खालची अख्खी ओळ मेलेली. उभी राहून वर लावलं, लगेच चाललं. खाली बसले, बंद.

मलाही घेत नव्हता.

मग चौकटीच्या कडेला बघितलं. चौकटीत आतून एक बारीक खाच असते, तिच्यात काळी काच. बोट कुठे टेकलंय ते बोर्डाला त्या काचेवरून कळतं, बसवायला आलेला माणूस सांगून गेला होता. तळाशी दोन्ही बाजूंना ती खाच भरलेली. लाल, वाळून दगड झालेलं. दसऱ्याचं कुंकू.

फोनमधले फोटो काढून बघितले. बरोबर तिथेच, कदमबाईंची बोटं.

रुमाल ओला केला, पेन्सिलीचं टोक गुंडाळलं, खाच कोरून काढली. शेवटी नखाने. निवटी हलली. उगाच तिला चिखलात नेऊन परत आणलं, कितीदा तरी.

पोरीने सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं आणि मी तिला विचार करून सांग म्हटलं.

घरी आले तर बोटं लालच. साबणाने गेलं नव्हतं. सासूबाईंनी विचारलं, "हाताला काय गं लागलंय?"

"कुंकू. शाळेत पुसत होते."

त्यांनी माझा हात हातात घेतला, उजेडाकडे धरून बघितला. त्यांचं कुंकू जाऊन कितीतरी वर्षं झाली. वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"राहू दे," म्हणाल्या. "भाकरी टाकते. बस."

रडू येईल असं वाटलं. नाही आलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळीच कदमबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. मुलीचा दोष नाही, खालचा भाग बंद होता, पूजेचं कुंकू खाचेत गेलं होतं, आता साफ केलंय, चालतोय. वडिलांना तसं कळवूया.

ऐकून घेतलं. मग पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. म्हणाल्या, "जाधवमॅडम, पूजेनं कधी काही बिघडत नाही. तुमची मनःस्थिती मी समजू शकते. यंदा तुम्हाला ते ताट... म्हणजे, मनात राहतं माणसाच्या."

राग आला. जूननंतर पहिल्यांदा काहीतरी आलं. फोटो दाखवावेत असं वाटलं, फोन हातातच होता. दाखवले नाहीत. त्यात त्या इतक्या खुशीत हसताहेत की दाखवले असते तर जन्मभर माफ केलं नसतं, मला आणि दुर्वाला.

एवढंच म्हटलं की दुर्वाला पाठात पुढे बसवणार. त्या म्हणाल्या, बसवा. संस्थेच्या लोकांसमोर तिने स्वतः उठून उत्तर दिलं, तर मी वडिलांना सांगते राहू द्या म्हणून. नाही दिलं तर मात्र मला पुन्हा सांगायला येऊ नका.

बरं म्हटलं नाही. 'ठीक आहे' म्हटलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुर्वा बोर्डाजवळ येत नाही. बोर्ड बिघडला होता, आता नीट झालाय, असं मी सगळ्या वर्गाला सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. अथर्व म्हणाला, "पण बाई, आमचं तर चालत होतं." त्याचंही खरंच आहे.

तिचं नाव घेतलं की ती बाकाची कड धरते. जोर केला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंनी पोतं फोडलं. गव्हात सोनकिडे झालेत. दुपारभर दोघी हॉलमध्ये पेपर पसरून गहू चाळत, पाखडत बसलो. सुपाचा तो आवाज घरात कितीतरी दिवसांनी.

मधेच त्या म्हणाल्या, "त्येला पोळी पातळ लागायची. जाड झाली तर ताटातच ठेवायचा, बोलायचा न्हाई." मी म्हटलं, माझ्यापुढे बोलायचा. त्या हसल्या. मग आम्ही दोघी बराच वेळ संजयची चुगली केली. चांगलं वाटलं आणि लगेच वाटलं की असं वाटायला नको होतं.

थोडा गहू सुनीताला नेऊन द्यायचा. तिने फोटो काढायला लावले, पण तिचं तरी काय चुकलं. दुसरं काय करणार होती.

३ डिसेंबर, बुधवार

पाठ मोडून पुन्हा केला. वरची ओळच काढून टाकली. सगळी चित्रं खाली, तळाशी. आता सगळ्यांनाच बसावं लागेल, अथर्वलासुद्धा. बाक मागे सरकवायचे, वर्ग बोर्डापुढे फरशीवर गोल बसवायचा. वरचं अख्खं पान नुसती खाडी. भरतीचं पाणी, चिखल, खारफुटी, मागे आपल्या बिल्डिंगा.

हे मला पहिल्यांदाच सुचायला हवं होतं. उंच पोराला खाली बसता येतं, बुटक्याला उंच होता येत नाही.

कदमबाईंनी बघितलं. फरशीवर? पाहुणे काय म्हणतील, म्हणाल्या. सतरंजी अंथरते म्हटलं. शिपायाला हॉलमधली सतरंजी काढायला लावली, म्हणजे परवानगी मिळाली असं धरलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

सतरंजीवर सराव. पोरं खूश. शाळेत जमिनीवर बसायला मिळालं की यांना सहलीला आल्यासारखं होतं. अथर्वला मांडी घालता येत नाही, गुडघे वर येतात. सगळे हसले. दुर्वाही हसली. मी बघितलं.

तिचं नाव घेतलं नाही आज.

९ डिसेंबर, मंगळवार

नाव घेतलं. उठली, बोर्डापर्यंत आली, हात पाठीमागे बांधून उभी. निवटी कुठे राहते विचारलं तर तोंडाने सगळं सांगितलं. ओहोटीला चिखलावर येते, भोक करते, धरायला गेलं की टुणकन उडी मारते, वरून नाही धरायची, मागून धरायची. वर्ग ऐकत राहिला. इतकं सलग ती शाळेत कधीच बोलली नव्हती.

म्हटलं, ठेव मग तिला चिखलात. हात पाठीमागून सुटले नाहीत.

कदमबाई दारात होत्या. "बोर्डावर केलं पाहिजे, मॅडम. पाठ बोर्डाचा आहे." खरंय. पाठ बोर्डाचा आहे. या पोरीला जे येतं ते सगळं तिने सांगितलं, आणि कागदावर परत 'उत्तर दिले नाही' येणार.

११ डिसेंबर, गुरुवार

उद्या आहे.

शेवटचा सराव झाला. दुर्वा उठली नाही. मीही तिच्याकडे फार बघितलं नाही, बघितलं की ती आणखी आक्रसते. मधल्या सुट्टीत पोरं डबे घेऊन पळाली. मी बोर्डापुढे सतरंजीवर बसून उद्याची पानं शेवटची तपासत होते. बोटाने एकेक चित्र सरकवत, परत जागेवर आणत.

मागे चाहूल लागली. दुर्वा, डबा न उघडता. जवळ येऊन बसली. थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत होती.

"बाय, त्यो तुमाना घेतं?"

"घेतो आता."

"आदी?"

"आधी मलाही घेत नव्हता. मी इथे खाली बसले होते, तुझ्याच जागेवर. खूप दाबलं. घेतलं नाही."

तिने हे नीट पारखून घेतलं. मी खोटं बोलते का ते. मग माझा हात धरून बोटाचं टोक बघितलं, उलटसुलट. तिथे आता काही नाही, धुऊन धुऊन गेलं. माझं बोट धरूनच निवटीपर्यंत नेलं. चित्र सरकलं, थोडं वर, चिखलाकडे. तिने पटकन हात सोडला. निवटी गुपचूप परत जागेवर गेली.

"उद्या तुमी हितंच बसशाल?"

"बसेन."

"पावने आले तरी?"

"पाहुणे आले तरी."

डबा घेऊन गेली. दारातून वळून बघितलं नाही.

मला रडू आलं. खरोखरचं, नाकातून पाणी येईपर्यंत. रिकाम्या वर्गात सतरंजीवर. सुनीता काहीतरी मागायला आली, बघून शेजारी बसली. बरं झालं.

घरी सासूबाईंना सांगितलं, उद्या पाहुणे आहेत, साडी नेसायची म्हणून कदमबाईंनी बजावलंय. मी ती राखाडी काढत होते. त्या आत गेल्या आणि कपाटातून लाल काठाची घेऊन आल्या. संजयने घेतलेली. पलंगावर ठेवली. "ही नेस," म्हणाल्या. "वर्ष व्हायचंय ते मला ठावं हाय. नेस."

कडक इस्त्री आहे तिला, कित्येक महिने घडी मोडलेली नाही. सतरंजीवर बसले की चुरगळणार, कदमबाई बघत राहणार. चुरगळू दे. दुर्वा उठली पाहिजे.